दारू सुटण्याआधीचे तीन दिवस आणि नंतरचं वर्ष : घरच्यांसाठी

कार्तिकीला आईनं दादाला पंढरपूरला नेलं आणि माळ घातली. घरात सगळ्यांना वाटलं, सुटली एकदाची. तो साखर कारखान्यात फिटर होता. रोज एक क्वार्टर, सुट्टीच्या दिवशी दोन, असं बारा वर्षं चाललेलं. माळ घातल्यावर त्यानं खरंच थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप धरवेना. संध्याकाळी एक फिट आली, ती आम्ही अशक्तपणावर घातली. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झाडत बसला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाहेरचं झालंय," आणि आम्ही त्याला देवर्षीकडे नेलं. पहाटेपर्यंत तिथंच बसलो. उजाडलं तेव्हा अंगात फणफणून ताप होता आणि तो वहिनीला ओळखत नव्हता.

जिल्हा रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटचं कधी प्यायले?" तीन दिवसांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नव्हता.

दादा वाचला. त्यानंतर नऊ वर्षं मी त्याच्याबरोबर आणि पुढं इतर घरांबरोबर या वाटेनं चालते आहे. जवळजवळ प्रत्येक घर आम्ही केली तीच चूक करतं. सगळा जोर 'सोडवण्या'वर असतो. सोडताना शरीराचं काय होतं आणि सोडल्यावर माणसाचं काय होतं, याची तयारी कुणाचीच नसते. म्हणून हा लेख त्या क्रमानं लिहिला आहे.

आधी ओळखा : पिणं की आजार?

किती पितो यापेक्षा कसं पितो ते बघा. घरी बसून विचारता येतील असे चार साधे प्रश्न आहेत. कमी करावी असं त्याला कधी वाटलं का? कुणी पिण्यावरून बोललं की चिडतो का? प्यायल्याबद्दल स्वतःलाच अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर व्हायला घोट लागतो का? दोन उत्तरं 'हो' आली की डॉक्टरांना भेटायची वेळ झाली आहे. शेवटच्या एकाच प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तरीही थांबू नका, कारण त्याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून राहिलं आहे.

प्रमाणही मोजा, पण नीट. १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. ३० मिली व्हिस्की किंवा रम म्हणजे साधारण एक, १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा, आणि स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे सुमारे चार. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणारा दोन बाटल्यांत क्वार्टरच्या पुढं गेलेला असतो. हातभट्टीचा हिशेब लागत नाही, कारण तिच्यात किती काय आहे ते गाळणाऱ्यालाही माहीत नसतं.

इच्छाशक्तीचा मुद्दा इथंच बाजूला ठेवू. "मनावर घेतलं तर सोडेल" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज बारा-बारा तास ब्रेकवर पाय असेल, तर मेंदू जुळवून घेतो आणि दुसऱ्या बाजूनं अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायला शिकतो. मग एक दिवस ब्रेक अचानक निघतो आणि अ‍ॅक्सिलरेटर तसाच दाबलेला राहतो. थरथर, घाम, फिट, मुंग्या दिसणं हे सगळं त्यातून येतं. ओढही अशीच खोल बसलेली असते. दादा म्हणायचा, "प्यायची इच्छा नसते गं, पाय जातात."

केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात देशात सुमारे २.९ कोटी माणसं दारूवर अवलंबून असल्याचं दिसलं, आणि अशा ३८ जणांमागे एकालाच कुठलीतरी उपचाराची मदत मिळाली होती. डायबेटिसच्या ३८ रुग्णांपैकी ३७ जणांना नुसतं "मनावर घे" म्हणून घरी पाठवलं असतं, तर आपण गप्प बसलो असतो का?

एकदम तोडू नका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हा भाग ठेवा.

जो रोज पितो आणि ज्याला सकाळी थरथर होते, त्याची दारू घरच्या घरी अचानक बंद करू नका. बाटली मोरीत ओतू नका, खोलीत कोंडू नका, शपथ घालू नका. माळ घालायची तर जरूर घाला, पण डॉक्टरला भेटून आल्यावर. श्रावण पाळणाऱ्यांनाही हेच सांगते. दारू मिळेनाशी झाली तरी धोका तोच : मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दुकानं बंद झाली, तेव्हा ठिकठिकाणच्या रुग्णालयांत असे रुग्ण येऊ लागले. ऑपरेशनसाठी किंवा अपघातानंतर अ‍ॅडमिट झालेल्या पिणाऱ्या माणसाचंही असंच होतं. तिथं लाजेनं गप्प बसू नका, डॉक्टरांना आल्या आल्या सांगा.

शेवटच्या घोटानंतर साधारण असं घडत जातं. ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप न लागणं, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना वेळ-जागेचं भान राहत नाही, नसलेल्या गोष्टी दिसतात, अंगाची आग होते, बडबड चालू राहते. या शेवटच्या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. फिट आली, भ्रम झाला, ताप चढला, किंवा रक्ताची उलटी झाली तर १०८ ला फोन करा. देवर्षी, भगत, अंगारा यांत एक तासही घालवू नका. आम्ही एक अख्खी रात्र घालवली.

दवाखान्यात गेल्यावर तीन गोष्टी आपणहून सांगा : रोज किती घेतो, शेवटची कधी घेतली, आणि पूर्वी कधी फिट आली होती का. चौथी गोष्ट आपल्याकडच्या सवयीमुळं सांगते. अशक्तपणा दिसला की आपण "एक सलाईन लावा" म्हणतो. बरीच वर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपलेलं असतं. अशा वेळी थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना हे माहीत असतं, पण समोरचा पिणारा आहे हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.

साध्या शब्दांत, डिटॉक्स म्हणजे हेच : क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखं औषध आधी पुरेसं देऊन मग आठवड्याभरात रोज कमी करत नेणं, सोबत थायमिन, खाणं, पाणी, झोप. लिव्हर फार खराब असेल तर लोराझेपाम निवडतात. या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणून देऊ नका. दारूवर घेतल्या तर श्वास मंदावतो, आणि त्यांचीही सवय लागते. ज्याला पूर्वी फिट आलेली नाही, घरी सांभाळणारं माणूस आहे आणि दवाखाना जवळ आहे, त्याला डॉक्टर घरी राहूनही डिटॉक्स देऊ शकतात. बाकीच्यांनी अ‍ॅडमिट व्हावं.

कुणाकडे जायचं

सगळे आधी 'केंद्र', म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र, शोधायला लागतात. मी म्हणते, आधी मानसोपचारतज्ज्ञ शोधा. केंद्राची गरज आहे की नाही ते तो सांगेल. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढून दाखवता येतं. सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ही सोय असते; मुंबईत महापालिकेचं केईएम आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे.

घराबाहेर पडणंच अवघड असेल तर फोनपासून सुरुवात करा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. १४४१६ म्हणजे टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २४ तास चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पिणाऱ्यानंच फोन करायला हवा असं नाही. वहिनीनं पहिला फोन गच्चीवर जाऊन केला होता, रात्री साडेअकराला.

नुकसान व्हायला लागलंय पण अजून सकाळची थरथर नाही, अशांसाठी निवासी केंद्राची घाई नको. गोव्यात 'संगत' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार बैठकांत बोलायचं, एवढंच. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला : नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा या बोलण्यानं बरेच जास्त पुरुष सावरले. म्हणजे लवकर गेलात तर काम चार भेटींचं असू शकतं.

त्याच्याशी बोलायचं कसं

प्यायलेल्या माणसाशी बोलू नका. ते बोलणं त्याला आठवणार नाही आणि तुम्हाला विसरता येणार नाही. सकाळी, अंघोळ-चहा झाल्यावर, शक्यतो एकट्यानं बोला. सासरे, मेहुणे, मित्र अशी बैठक भरवली की त्याला फक्त कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं.

पाहिलेलं सांगा, ठपका ठेवू नका. "तू घर बुडवलंस" यावर भांडण होतं. "मंगळवारी तू गाडीवरून पडलास, मुलीनं पाहिलं, ती रात्रभर झोपली नाही" यावर गप्प बसावं लागतं. मग लगेच छोटी मागणी ठेवा : "कायमची सोड असं म्हणत नाही. गुरुवारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल, लिव्हरची तपासणी करू." अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवा. तयार झालेलं मन संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

पाठीशी घालणं मात्र थांबवा. कारखान्यात "ताप आलाय" असा फोन, गुत्त्यावरची उधारी फेडणं, पुन्हा पुन्हा उसनं देणं हे आम्ही वर्षानुवर्षं प्रेमापोटी केलं, आणि त्यामुळंच त्याला आजाराची झळ उशिरा लागली. जेवण द्या, औषध द्या, दवाखान्याचे पैसे थेट दवाखान्यात भरा. हातात रोख देऊ नका.

चोरून औषध देऊ नका

एसटी स्टँडच्या मुतारीवर, विजेच्या खांबांवर, आता मोबाइलवरही जाहिरात असते : 'न सांगता दारू सोडवा'. जेवणात पावडर मिसळायची. हताश झालेली बाई हे का करते, ते मला कळतं. पण त्या पुडीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असलं आणि त्यावर तो प्यायला, तर चेहरा लाल होतो, जोरात उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो, हृदय बंद पडू शकतं. डायसल्फिराम चांगलं औषध आहे, पण ज्याला ते आपण घेतोय हे माहीत आहे आणि ज्यानं हो म्हटलंय त्याच्यासाठीच. त्यालाही कफ सिरप, टिंक्चर, आणि हो, आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं टाळावी लागतात, कारण त्यांतही अल्कोहोल असतं. गोळी थांबवल्यावर दोन आठवडे तरी धोका राहतो.

याशिवाय ओढ कमी करणारी औषधं आहेत आणि ती फार कमी रुग्णांपर्यंत पोचतात, याचं मला वाईट वाटतं. नालट्रेक्सोन घेतल्यावर प्यायल्याची मजा फिकी पडते. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर ते देत नाहीत. अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची अस्वस्थता कमी करतं. किडनी बघून देतात. लिव्हर बिघडलेल्यांसाठी बॅक्लोफेनचा विचार होतो. भेटीत थेट विचारा : "ओढ कमी व्हायला काही देता येईल का?"

केंद्र निवडताना

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. पेशंटला गुन्हेगार न मानता माणूस मानायचं, घरच्यांनाही उपचारात घ्यायचं, ही रीत मराठी घरांना तिथून कळली. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत सुरू केलेलं कृपा फाउंडेशनही जुनं आहे. पण जवळपासचं दुसरं केंद्र निवडायचं असेल तर स्वतः जाऊन बघा. फोनवर सगळी केंद्रं चांगलीच असतात.

गेल्यावर हे विचारा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, प्रमाणपत्र कुठं लावलंय? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर काय करता? दिवसभराचा कार्यक्रम काय? घरच्यांना कधी भेटता येतं, फोन करता येतो का? सोडल्यानंतर पाठपुरावा किती महिने? एकूण खर्चाची लेखी पावती मिळेल का?

राहायची खोली दाखवायला नकार, "महिनाभर भेटायचं नाही", "शंभर टक्के गॅरंटी", "गाडी पाठवतो, आमची पोरं उचलून आणतील" यांतलं काहीही ऐकलं की परत फिरा. दादाला आम्ही आधी अशाच एका ठिकाणी ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी भेटलो तेव्हा मनगटावर वळ होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार साखळीनं बांधणं बेकायदा आहे, आणि दारू व अमली पदार्थांमुळं होणारे मानसिक आजार या कायद्यात येतात. प्रौढ माणसाला सहसा त्याच्या संमतीनंच दाखल करतात. जिवाला धोका किंवा हिंसा अशा स्थितीत, त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर आणि मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी वेगवेगळं तपासल्यावर, ३० दिवसांपर्यंत संमतीविना दाखल करता येतं. 'उचलून नेणं' या चौकटीत बसत नाही.

पैशांचं थोडक्यात : सरकारी रुग्णालयात खर्च फार कमी येतो. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रंही आहेत, त्यांची चौकशी १४४४६ वर करा. आरोग्य विम्यात व्यसनाचा उपचार बहुतेक वेळा वगळलेला असतो. पॉलिसीतलं वगळणुकीचं कलम आधी वाचा.

गर्द, ब्राउन शुगर किंवा इंजेक्शनचं व्यसन असेल तर पोलिसांच्या भीतीनं घरं दडून बसतात. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्याच्या ६४-ए कलमात, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण आहे. या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ देतात. ती म्हणजे 'एक नशा सोडून दुसरी' नव्हे; ती माणसाला जिवंत आणि कामावर ठेवते. एक जिवावरचा धोका मात्र सांगायलाच हवा : काही आठवडे सोडल्यावर जुन्याच मात्रेत घेतलं तर श्वास थांबू शकतो, कारण शरीराची सहनशक्ती तोवर उतरलेली असते.

घरी आल्यावर

दादा केंद्रातून परत आला त्या संध्याकाळी आम्ही पुरणपोळी केली आणि समजलो, झालं. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. संध्याकाळी साडेसहा ते नऊ हे तास त्याच्या अंगावर यायचे. बारा वर्षं त्या वेळेला एकच काम होतं. म्हणून पहिले तीन महिने त्या तासांचं आधीच ठरवून ठेवा : चालायला जाणं, मुलाचा अभ्यास, मीटिंग. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, बैठका महाराष्ट्रात अनेक शहरांत मराठीत होतात, फी नसते, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. सगळ्यांनाच त्या मानवतात असं नाही. चार-पाच बैठका बघून ठरवावं.

पगाराचा दिवस, वरातीत नाचणं, गटारी, यात्रा, आणि जुन्या मित्राचा "एक घे रे" हे धोक्याचे दिवस कॅलेंडरवर पेनानं खूण करून ठेवा. कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं तेही ठरवा. दादा म्हणायचा, "लिव्हरची गोळी चालू आहे." तेवढं पुरायचं. आणि घरात त्याचे खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं बंद करा. वहिनीला हे सर्वांत जड गेलं.

घसरण होते. दादा चौदाव्या महिन्यात घसरला, मेव्हण्याच्या लग्नात. त्या रात्री आई म्हणाली, "सगळं पाण्यात गेलं." गेलं नव्हतं. दम्याचा रुग्ण पुन्हा धापा टाकायला लागला तर आपण इनहेलर शोधतो, इथंही तसंच करायचं. प्यायला असेल तर आधी सुरक्षित झोपवा, कुशीवर. सकाळी डॉक्टरांना फोन, औषध चालू होतं की सुटलं होतं ते बघणं, आणि तो कुठल्या क्षणी, कुणाबरोबर, काय वाटून प्यायला हे शांतपणे लिहून काढणं. सलग बरेच दिवस प्यायला असेल तर पुन्हा एकदम तोडायचं नाही. वरचा 'एकदम तोडू नका' हा भाग पुन्हा वाचा. दादाची घसरण चार दिवसांची झाली. आधीच्या बारा वर्षांशी ताडून बघा.

मारहाण होत असेल तर हे सगळे सल्ले बाजूला. आजार हे मारायचं कारण होऊ शकत नाही. ११२ ला फोन करा, महिलांसाठी १८१ आहे, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागता येतं. कागदपत्रं, थोडी रोकड आणि दोन कपडे एका पिशवीत शेजारच्यांकडे ठेवून द्या.

पिणारी बाई असेल तर वरचं सगळं तसंच लागू आहे, फक्त लाज दसपट असते आणि बायकांसाठीची केंद्रं कमी. तिला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात 'झोपेच्या तक्रारी'साठी म्हणून न्या. आत गेल्यावर तिला बोलू द्या.

मुलांना काय सांगायचं

आपण समजतो, मुलांना कळत नाही. मुलांना किल्लीचा आवाज ऐकून कळतं की आज बाबा कसे आलेत. लपवलं की ती स्वतःच कारण शोधतात, आणि बहुतेक वेळा ते कारण स्वतःमध्ये सापडतं. आमच्या पुतण्यानं आठव्या वर्षी वहिनीला विचारलं होतं, "मी गणितात नापास झालो म्हणून पप्पा पितात का?"

त्याला समुपदेशक ताईंनी जे सांगितलं तेच मी आता प्रत्येक घरात सांगायला लावते, आणि एकदा सांगून थांबू देत नाही. पप्पांना आजार आहे. तो तुझ्यामुळं झालेला नाही. तो बरा करणं तुझं काम नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत. आणि पप्पा प्यायलेले असताना तुला भीती वाटली तर तू आत्याकडे यायचं, कितीही वाजलेले असोत, दार उघडं आहे. तो दोनदा आला. एकदा रात्री एक वाजता, बहिणीला कडेवर घेऊन, अनवाणी.